एकशे ऐंशी फुल्या आणि सहीचा एक कागद

नागपूरच्या महाल भागातून एका थोरल्या बहिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून त्याचा सारांश देते.

त्यांचा भाऊ २४ वर्षांचा, मिहान या नागपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. वर्षभरापूर्वी पोटात उजवीकडे खाली दुखू लागलं, संध्याकाळी बारीक ताप यायचा, दिवसातून सहा-सात वेळा संडासला जावं लागायचं. वजन ६१ किलोवरून ४९ वर आलं. दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात जखमा दिसल्या. बायोप्सीतून ठाम काही निघालं नाही, तरी टीबी असावा म्हणून सहा महिन्यांचा कोर्स झाला. आईनं कालनिर्णयवर रोज एक लाल फुली मारून १८० दिवस मोजले. लघवी केशरी झालेली पाहून तिला वाटायचं, औषध लागू पडतंय. सुरुवातीला थोडा आराम पडलाही. पण कोर्स संपल्यावर पुन्हा दुर्बीण घातली, तर जखमा तशाच होत्या आणि आतडं एका जागी अरुंद होऊ लागलं होतं. आता डॉक्टर म्हणतात, हा क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार, टीबीसारखा जंतूंचा नव्हे. दुसऱ्या एका रुग्णालयात त्याला नव्या गोळीच्या क्लिनिकल ट्रायलबद्दल, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषधाच्या चाचणीबद्दल, विचारलं आहे. ट्रायल बारा आठवड्यांची, तिघांतल्या एकाला औषध नसलेली गोळी, तपासण्या आणि औषध मोफत. आठवडाभरात कळवायचं आहे. आई म्हणते, "माझ्या पोराले उंदीर बनवून राहिले हे लोकं." बाबा हळद आणि ताकावर ठाम आहेत. अकोल्याचे मामा म्हणतात, टीबीचाच कोर्स नऊ महिने करा. आणि बहीण विचारते, "पहिल्या डॉक्टरांवर विश्वास ठेवून फसलो, आता पुन्हा प्रयोग कशाला? पण बायोलॉजिक इंजेक्शनांचा खर्च आम्हाला झेपणार नाही आणि ट्रायल मोफत आहे. मी काय ठरवू?"

*

ताई,

तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यात आई आहे, बाबा आहेत, मामा आहेत, दोन डॉक्टर आहेत. ज्याचं पोट दुखतं तो भाऊ मात्र एकदाच बोलतो, तिसऱ्या पानाच्या तळाशी: "ताई, मले एक रात्र सलग झोपाचं आहे, बस." पुढच्याच ओळीत तुम्ही पुन्हा खर्चाकडे वळता. हा दोष म्हणून सांगत नाही. घरात दुखणं आलं की धावपळ करणाऱ्याला निवांत बसून ऐकायला सवड कुठे मिळते! पण "मी काय ठरवू" यातला "मी" मला खटकला. त्याकडे परत येते.

आधी रागाबद्दल बोलू, कारण तो उतरल्याशिवाय पुढचा निर्णय सरळ होणार नाही.

पहिल्या डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन आजार बहुतेक वेळा एकाच जागी बसतात. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं ती ही जागा, पोटाचा उजवा खालचा कोपरा. दोन्हींत दुखतं, ताप येतो, वजन उतरतं, जखमा होतात, आतडं आक्रसतं. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी या आजाराचं वर्णन छापलं. त्याआधी असे कित्येक रुग्ण टीबीचेच म्हणून गणले जात.

ओळखायच्या खुणा आहेत. टीबीच्या जखमा आतड्याला आडव्या, वेढा घातल्यासारख्या असतात. क्रोन्सच्या लांबट, उभ्या असतात आणि दोन जखमांच्या मध्ये आतडं निरोगी असतं. सीटी स्कॅनमध्ये मध्यभागी सडलेल्या गाठी दिसल्या तर टीबीकडे बोट जातं. गुदद्वाराजवळ भगंदर असेल तर क्रोन्सकडे. पण कित्येक रुग्णांच्या खुणा दोन्हीकडच्या असतात. बायोप्सीच्या तुकड्यावर जीनएक्सपर्ट ही टीबीचा जंतू शोधणारी तपासणी होते. ती टीबी दाखवत असेल तर प्रश्न जवळजवळ मिटला. काही दाखवलं नाही तर मात्र टीबी नाही असं म्हणता येत नाही, कारण आतड्याच्या टीबीत जंतू फार थोडे असतात आणि तुकड्यात सापडतीलच असं नाही. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तपासलं असेल, त्याचंही असंच. आतड्यात सूज आहे हे ते सांगतं, कशामुळे आहे ते सांगत नाही.

अशा वेळी टीबीचं औषध आधी का देतात? जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि तिच्यासोबत प्रतिकारशक्तीही दाबणारं औषध, दिलं, तर टीबी भडकून जिवावर बेतू शकतं. उलट क्रोन्स असताना टीबीच्या गोळ्या दिल्या तर महिने वाया जातात आणि तेवढ्यात आतडं अरुंद होऊ शकतं. नुकसान दोन्हीकडे आहे, पण पहिलं जास्त भयंकर. तुमच्या डॉक्टरांनी जो रस्ता धरला तो भारतात सर्रास आणि विचारपूर्वक धरला जातो. टीबीच्या गोळ्या देऊन बघणं हीच तिथे एक तपासणी होते.

मात्र ती तपासणी असेल, तर तिचा निकाल वेळेवर बघायला हवा. आणि माझ्या मते तुमची खरी तक्रार इथे असू शकते. दिल्लीच्या एम्समधल्या पोटविकारतज्ज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यातून निघालेली एक गोष्ट अशी की, रुग्णाला बरं वाटतंय का यावर विसंबायचं नाही, जखमा भरल्या का ते बघायचं. क्रोन्सच्या काही रुग्णांनाही टीबीच्या गोळ्यांनी सुरुवातीला आराम पडतो, पण जखमा भरत नाहीत. आतड्याचा टीबी असेल तर दोन महिन्यांतच त्या भरू लागलेल्या दिसतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुन्हा दुर्बीण घालावी, असा आग्रह आता धरला जातो.

तुमच्या भावाची दुसरी तपासणी थेट सहा महिन्यांनी झाली. ती मध्ये का झाली नाही, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. फाईल काढून बघा. डॉक्टरांनी सांगितलीच नसेल, तर तो प्रश्न त्यांना शांतपणे, पण जरूर विचारा. सांगितली असेल आणि तुमचा भाऊ गेला नसेल, तर त्याला रागावू नका. ते जुलाबाचं पाणी ग्लासामागून ग्लास पिऊन रात्र संडासात काढायची, तेही आधीच सात वेळा जाणाऱ्या माणसानं, हे दुसऱ्यांदा कबूल करायला काळीज लागतं.

आईला एवढं सांगा की तो केशरी रंग रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा होता. औषध पोटात गेल्याची ती खूण, लागू पडल्याची नव्हे. तिनं मोजण्यात काही चूक केली नाही. उलट तिच्या त्या फुल्यांमुळेच आज डॉक्टर खात्रीनं म्हणू शकतात की कोर्स एकही दिवस न चुकता झाला आणि तरी जखमा भरल्या नाहीत. अर्धवट कोर्स झालेल्या रुग्णाबद्दल असं म्हणताच येत नाही.

मामांचा मुद्दा थोडक्यात. पोटाच्या टीबीला सहा महिने पुरतात की नऊ लागतात, याची तुलना एम्सच्याच पुढाकारानं १९७ रुग्णांवर झाली आणि २०१५ मध्ये छापून आली. सहा महिन्यांत तितकाच गुण येतो. तेव्हा आणखी तीन महिने नकोत. पण एक गोष्ट डॉक्टरांना विचारून घ्या: नेहमीच्या औषधांना न जुमानणारा टीबी नाही ना? बायोप्सीचा तुकडा कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, पाठवला होता का, आणि त्याचं काय आलं? क्रोन्सची औषधं सुरू होण्याआधी हे दार नीट बंद झालेलं बरं.

आता तो कागद.

आईच्या "उंदीर" या शब्दाला हसू नका आणि तिला गप्पही करू नका. तिची भीती हवेतून आलेली नाही. आपल्या देशात ट्रायलमध्ये माणसांना पुरतं न सांगता घेतल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेनं त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेल्या. २०१३ पासून नियम कडक होत गेले आणि २०१९ मध्ये नवी औषधं व क्लिनिकल ट्रायल यांचे नवे नियम आले. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, कारण न देता कधीही बाहेर पडायची मुभा, आणि बाहेर पडल्यामुळे नेहमीच्या उपचारांत आडकाठी नाही, हे सगळं आज रुग्णाच्या हक्काचं आहे. तुमच्या आईसारख्या भ्यालेल्या माणसांनी आवाज केला म्हणून ते आलं. तिला हे असंच सांगा.

मी काही वर्षं एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलमध्ये रुग्णांचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीवर, होते. डॉक्टर म्हणून नाही. अशा समितीत वकील आणि एक सामान्य व्यक्ती असावीच लागते, त्या सामान्य व्यक्तीच्या खुर्चीवर. एकदा मराठी संमतिपत्र आलं. त्यात वाक्य होतं, "आपणास यादृच्छिकीकरणाद्वारे दोनपैकी एका भुजेत नियुक्त केले जाईल." मी ते घरी नेऊन स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं. पोळी लाटता लाटता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भुजेत म्हणजे दंडात सुई देतील का हो?" मला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. पुढच्या बैठकीत आम्ही कागद परत पाठवला. सुधारून आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, "दोन गट आहेत. तुम्ही कोणत्या गटात जाल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. ते तुम्ही निवडू शकणार नाही आणि तुमचे डॉक्टरही नाही." तुमच्या घरी आलेल्या कागदात असं एक जरी वाक्य असेल जे आईला वाचून दाखवल्यावर कळत नाही, तर त्याखाली रेघ मारा. त्याचा अर्थ समजून घेण्यासाठी डॉक्टरांचा वेळ मागायला संकोचू नका. तो वेळ देणं त्यांचं काम आहे.

औषध नसलेली गोळी द्यायचीच कशाला, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. आतड्याच्या या आजारांची चाल अशी की ते आपणहून उफाळतात आणि आपणहून काही काळ शांतही होतात. १९५५ साली ब्रिटनमध्ये ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजाराच्या २१० रुग्णांवर कॉर्टिझोन या स्टेरॉइडची चाचणी छापली. कॉर्टिझोन मिळालेल्यांत साधारण ४१ टक्के लोकांचा आजार शांत झाला. पोकळ गोळी मिळालेल्यांत १६ टक्के लोकांचाही झाला. तो १६ चा आकडा समोर नसता, तर कॉर्टिझोननं नेमकं किती साधलं हे कुणाला कळलं असतं? आज स्टेरॉइड कधी द्यावं याची समज आहे, ती त्या पोकळ गोळ्या घेतलेल्या माणसांमुळेही आहे.

तुमचे बाबा ट्रायल नको म्हणतात आणि हळद हवी म्हणतात. त्यांना हे आवडेल, हळदीचीही ट्रायल झाली आहे. हळदीतलं कर्क्युमिन जपानमध्ये ८९ रुग्णांना सहा महिने दिलं गेलं, नेहमीच्या औषधाच्या जोडीला, रोज दोन ग्रॅम. २००६ मध्ये निकाल आला तो चांगला होता, आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. २०१५ मध्ये रोज तीन ग्रॅमवर केलेल्या दुसऱ्या एका लहान अभ्यासातही फायदा दिसला. दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा २०१७ मध्ये छापलेल्या निकालात काही उपयोग दिसला नाही. म्हणजे मात्रा महत्त्वाची, आणि दुधात चिमूटभर टाकून तीन ग्रॅम कर्क्युमिन पोटात जात नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे तिन्ही अभ्यास अल्सरेटिव्ह कोलायटिसचे आहेत. क्रोन्स हा त्याचा भाऊबंद असला तरी वेगळा आजार आहे. बाबांच्या हळदीचा मान राखून सांगते, अरुंद होत चाललेलं आतडं तिच्या भरवशावर सोडू नका. भाजी-वरणात असू द्या.

आता "मोफत" या शब्दाबद्दल. तुमच्या पत्रात तो पाच वेळा आला आहे, मी मोजला. ताई, मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. पैशाची ओढाताण मी समजू शकते, पण औषध फुकट मिळतंय म्हणून ट्रायलमध्ये जाणं हे मनापासून दिलेल्या संमतीचं कारण होऊ शकत नाही. बारा आठवड्यांनी ट्रायल संपेल, आजार संपणार नाही. त्यानंतर गोळी मिळत राहणार का, किती काळ, कोण देणार, हे कागदावर लिहिलेलं आहे का ते आधी बघा.

शिवाय एक गोष्ट या सगळ्या धांदलीत निसटते आहे. तुमच्या भावाला क्रोन्सवरचं एकही सिद्ध झालेलं औषध अजून मिळालेलं नाही. सहा महिने त्यानं जे घेतलं ते टीबीचं होतं. "सगळं करून झालं, आता ट्रायल उरली," असा तुमच्या पत्राचा सूर आहे. पण अजून सुरुवातच व्हायची आहे.

सिद्ध औषधं कोणती? थोड्या काळापुरतं स्टेरॉइड. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या आजाराला ब्युडेसोनाइड हे त्यातलं सौम्य. पुढे आजार दाबून ठेवायला अॅझाथायोप्रिन, जुनं आणि त्या मानानं स्वस्त. आशियातल्या काही लोकांत एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातल्या फरकामुळे या औषधानं पांढऱ्या पेशी झपाट्यानं उतरतात. म्हणून आधी ती जनुकतपासणी करता येते, आणि सुरुवातीला वरचेवर रक्त तपासणं तर चुकवायचंच नाही. मग बायोलॉजिक, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेली इंजेक्शनं. त्यातलं इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठी मंजूर झालं. २००१ मध्ये ते घेतलेल्या ७० रुग्णांत टीबी उफाळल्याचं छापून आलं. तेव्हापासून ते देण्याआधी टीबीची तपासणी करायची शिस्त आली. तुमच्या घरात टीबीचा विषय झाला आहे, तेव्हा हे डॉक्टरांशी नीट बोला. खर्चाचं म्हणाल, तर अॅडॅलिमुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं स्वस्त रूप, २०१४ च्या डिसेंबरात भारतातच बाजारात आलं. ऐकलेल्या आकड्यावर "झेपणार नाही" ठरवू नका. नेमकं कोणतं औषध, किती डोस, वर्षाचा खर्च किती, हे लिहून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना आणि भावाच्या कंपनीतल्या विम्याचं काम बघणाऱ्यांना भेटा. मिहानमधली नोकरी आहे, तर ग्रुप विमा असण्याची बरीच शक्यता आहे. पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

ऑपरेशन म्हणजे हरणं, असंही तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या १४३ रुग्णांत इन्फ्लिक्सिमॅब आणि आतड्याचा आजारी तुकडा दुर्बिणीतून काढायची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली, निकाल २०१७ मध्ये आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांचं जगणं सारखंच सुसह्य होतं. त्या रुग्णांचं आतडं अरुंद झालेलं नव्हतं, म्हणून तो निकाल जसाच्या तसा तुमच्या भावाला लावू नका. पण शल्यविशारदाचं मत आत्ताच घेऊन ठेवण्यात कमीपणा काही नाही.

आणि वेळ. ब्रिटनमध्ये क्रोन्सचं नवं निदान झालेल्या ३८६ रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. सुरुवातीलाच प्रभावी औषधांची जोडी दिलेल्यांत ७९ टक्के जण ४८ आठवड्यांनंतर स्टेरॉइडविना आणि ऑपरेशनविना शांत होते. पायरीपायरीनं औषध वाढवलेल्यांत १५ टक्के. हा फरक बघून मी बराच वेळ त्या आकड्यांवरून नजर काढू शकले नाही. तुमच्या भावाचे सहा महिने आधीच गेले आहेत. तिघांत एक शक्यता अशी आहे की आणखी बारा आठवडे त्याला पोकळ गोळी मिळेल.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. या आठवड्यात सही करू नये. ट्रायल वाईट असते म्हणून मुळीच नाही. ट्रायलशी संबंध नसलेल्या एखाद्या पोटविकारतज्ज्ञाकडून आधी नेहमीच्या उपचारांचा आराखडा खर्चासकट हातात यावा, आणि मग दोन कागद शेजारी ठेवून बघावं. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत किंवा मेडिकल, मेयो, एम्स या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत असं दुसरं मत मिळू शकतं. जाताना दोन्ही वेळच्या दुर्बिणीचे रंगीत फोटो, सीटीची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक घेऊन जा. ब्लॉक म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा. तो पॅथॉलॉजी लॅबकडून मागून घेता येतो आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतो. फक्त रिपोर्टचा कागद नेला तर नवे डॉक्टर जुन्यांचेच शब्द वाचणार.

त्यानंतरही ट्रायल बरी वाटली, तर तो निर्णय चांगला असू शकतो. तिथल्या डॉक्टरांना विचारायचं ते असं. आधीचं एकही औषध न घेतलेला रुग्ण या ट्रायलमध्ये कसा बसतो? आतडं अरुंद झालं असेल तर बऱ्याच ट्रायलमध्ये घेत नाहीत, इथे काय? मधेच आजार वाढला तर तो आवरायला दुसरं औषध लगेच मिळेल का, ते कोण ठरवणार? रात्री दोन वाजता पोट फुगलं तर फोन कुणाला करायचा? कागदावर सीटीआरआय क्रमांक असेल. ही भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही, २००७ पासून आहे आणि २००९ पासून तिथे नोंद सक्तीची झाली. तो क्रमांक इंटरनेटवर टाकून कुणालाही ट्रायलची माहिती वाचता येते. क्रमांकच नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. एथिक्स कमिटीचा फोनही त्या कागदावर असतो. तो करायला घाबरू नका. आम्हाला फार थोडे फोन यायचे, आणि जो यायचा तो आम्ही बैठकीत मांडायचो.

निर्णय काहीही होवो, काही गोष्टी आजपासूनच पाळा. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपल्या मनानं घेऊ नये, आतड्याच्या जखमा चिघळू शकतात. सिगारेटनं क्रोन्स बळावतो हे पक्कं. तंबाखूचा खर्रा खात असेल तर तेही डॉक्टरांना खरं सांगू द्या, तुमच्यासमोर नाही तर एकट्यात. आतडं अरुंद आहे तोवर कच्ची कोशिंबीर, मक्याची कणसं, शेंगदाणे सांभाळून. संत्र्याच्या दिवसांत फोड पापुद्र्यासकट गिळू नये, गाळलेला रस चालेल. सावजी रस्सा तूर्त दूर, पण म्हणून नुसत्या मऊ भातावरही ठेवू नका. ४९ किलोच्या मुलाला प्रथिनं हवीत: अंडी, वरण, सोसत असेल तर दही. नागपूरच्या मे महिन्यात जुलाब होत असतील तर ओआरएसची पाकिटं बॅगेत हवीतच. आणि पोट फुगून दगडासारखं झालं, उलट्या थांबेनात, वारा सरेना, की सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

आता त्या "मी" कडे.

तुमचा भाऊ २४ वर्षांचा आहे. त्या कागदावर सही त्याची लागते, तुमची नाही, आईची नाही. ट्रायल असो, इंजेक्शन असो, ऑपरेशन असो, रोज सकाळी त्या पोटासकट उठायचं त्याला आहे. सीताबर्डीपासून खापरीपर्यंत कोणत्या मेट्रो स्टेशनवर संडास कुठल्या टोकाला आहे हे त्याला पाठ असणार, विचारून बघा. ऑफिसात किती वेळा उठावं लागतं, कुणी काय बोलतं, लग्नाचा विषय निघाला की त्याच्या मनात काय येतं, यातलं पत्रात काहीच नाही. मला वाटतं तुम्हालाही ते माहीत नाही. त्याला या सगळ्यातून काय हवंय? तुम्हाला हवा आहे आजाराचा कायमचा निकाल. त्याला कदाचित सलग झोप हवी असेल. डॉक्टरांशी बोलताना या दोन मागण्या वेगवेगळ्या आहेत, आणि दुसरीवर लवकर काही करता येण्यासारखं आहे.

येत्या रविवारी आई-बाबा जेवून आडवे झाले की त्याच्याजवळ बसा. कागद मध्ये ठेवा आणि आधी त्याला बोलू द्या. कालनिर्णयची ती सहा पानं आता संपली आहेत, त्यातलं एक काढून त्याच्या हाती द्या. मागच्या बाजूला जिथे कोरी जागा मिळेल तिथे त्याला त्याचे प्रश्न त्याच्या अक्षरात लिहू द्या. तुम्ही सुचवू नका. दवाखान्यात नाव पुकारलं की आत त्याला पुढे जाऊ द्या आणि पहिला प्रश्न त्याला विचारू द्या. आईला एकटं वाटू नये म्हणून तेवढी पाच मिनिटं तुम्ही बाहेर बाकावर तिच्याजवळ बसा. मग त्यानं बोलावलं की आत जा.

त्यानं काय लिहिलं होतं ते, त्याची हरकत नसेल तर, मला कळवाल का? मी वाट बघते आहे.